गणपतीचा गोल अंडाकृती का छापून आला?

प्रश्न : पंचवटीत माझं लग्नपत्रिका डिझाइन करण्याचं छोटं काम आहे. लॅपटॉपची स्क्रीन अपुरी पडते म्हणून महात्मा गांधी रोडवरून २२ इंची जुना मॉनिटर आणला. त्यावर अक्षरं फुगीर, पुसट दिसतात. पत्रिकेतला गणपतीचा गोल आडवा लांबट दिसला, म्हणून मी त्याची रुंदी कमी केली. छापून आला तो उभ्या अंड्यासारखा! मॉनिटर खराब आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मॉनिटर बहुधा ठणठणीत आहे. तुमच्या त्या गोलानेच दुखणं सांगितलंय.

एलसीडी मॉनिटरवरचे ठिपके कारखान्यातच मोजून बसवलेले असतात. तुमच्या मॉनिटरवर ते बहुधा १९२० बाय १०८० असतील. लॅपटॉप मात्र त्याला १०२४ बाय ७६८ चं चित्र पाठवत असावा. ते ताणून बसवताना आडवा ताण १.८७ पट पडतो आणि उभा १.४ पट. म्हणून गोल एक तृतीयांशाने रुंद दिसला. तुम्ही तो डोळ्यांना गोल दिसेपर्यंत दाबलात, आणि कागदावर ४ सेंटिमीटर उंचीचा गणपती ३ सेंटिमीटर रुंद उतरला. शिवाय चित्राचा एक ठिपका पावणेदोन ठिपक्यांहून जास्त जागेत पसरला की कडा पुसटतात. मग ‘ष’च्या पोटातली तिरकी रेघ विरते आणि तो ‘प’ वाटतो. पत्रिकेत आडनाव चुकायला एवढं पुरतं.

लॅपटॉप चुकीचं माप का पाठवतो? मॉनिटर जोडला की तो स्वतःची ओळख लॅपटॉपला कळवतो. १९९४ साली ठरलेल्या पद्धतीनुसार ही मूळ ओळख अवघ्या १२८ बाइटची असते. ती पोचली नाही, तर लॅपटॉप सावधपणे लहान माप धरतो. निळ्या, १५ पिनांच्या व्हीजीए केबलमध्ये हा निरोप १२ आणि १५ नंबरच्या पिनांतून जातो. स्वस्त केबलमध्ये कधी या तारा नसतातच, कधी पिन वाकलेली असते. (९ नंबरची पिन नसेल तर काळजी नको, ती बऱ्याच केबलींत मुळातच नसते.) म्हणून सेटिंग्जशी झटापट करण्याआधी शेजाऱ्याची केबल लावून बघा. दोन्हीकडे एचडीएमआय असेल तर तीच वापरा.

मग डेस्कटॉपवर राइट क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज. वरच्या चित्रात २ नंबरच्या चौकोनावर क्लिक करायला विसरू नका, नाहीतर लॅपटॉपचंच माप बदलत बसाल. यादीत ‘रेकमेंडेड’ लिहिलेलं माप निवडा. अक्षरं बारीक वाटली तर माप कमी करू नका, त्याच पानावरचं ‘स्केल’ वाढवा.

गोल गोलच दिसतो, पण पुसट, असं असेल तर गोष्ट वेगळी. दोन्ही स्क्रीनवर एकच चित्र चालू असेल आणि लॅपटॉप १३६६ बाय ७६८ चा असेल, तर मॉनिटरलाही त्याच मापावर यावं लागतं. विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडा. विंडोज नव्याने टाकल्यापासून त्रास सुरू झाला असेल, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून घ्या.

स्क्रीन सुधारली की या मॉनिटरवर केलेल्या सगळ्या फाइली उघडा आणि प्रत्येक गोलाची रुंदी-उंची आकड्यांत तपासा. नजरेने दाबलेले गोल आता तुम्हाला उभे दिसतील, पण थोडासाच दाबलेला एखादा नजरेतून सुटेल.