एकवीस हजारांची रेष

शाळेतून निवृत्त झाले आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या गल्लीत बायकांचे अर्ज भरून द्यायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. आधी संजय गांधी निराधार आणि वृद्धांसाठीची श्रावणबाळ या सरकारी मदतीच्या योजना, मग २०२४ पासून लाडकी बहीण. अर्जात नाव-गाव लिहिणं सोपं असतं. कोण रेषेच्या आत बसतं आणि कोण बाहेर राहतं, हे समजायला मात्र फार वेळ लागला. जे उमगत गेलं ते इथे मांडते. तुमच्या गावची माणसं वेगळी असतील, रेषा बहुधा ह्याच असतील.

१. रक्कम सगळ्यांना पाठ असते, मर्यादा कुणालाच नाही. ‘पंधराशे’ हा आकडा गल्लीतलं शाळकरी पोरही सांगेल. निराधार किंवा श्रावणबाळच्या त्या पंधराशेसाठी घराचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावं लागतं, हे फार थोड्यांच्या कानावर असतं. बाराने भागलं की महिन्याला १,७५० रुपये. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८० मध्ये, निराधार योजना सुरू झाली. एवढ्या आधी असं काही उभं केल्याचं श्रेय महाराष्ट्राला द्यायलाच हवं. २०१९ मध्ये सहाशेचे हजार झाले, २०२३ मध्ये हजाराचे पंधराशे. दोन्ही वेळा रक्कम वाढली आणि रेष २१,००० वरच राहिली. दिव्यांगांसाठी ती ५०,००० आहे, म्हणजे रेष सरकवता येते हे सरकारलाही ठाऊक आहे. २०२५-२६ साठी राज्यात रोजगार हमीची मजुरी ३१२ रुपये ठरली. गुणाकार करून बघा: ६८ दिवस खडी फोडली की २१,२१६ रुपये होतात. तेव्हाचा शंभर दिवस कामाची हमी देणारा कायदा एका हाताला आणि ६८व्या दिवशी बाई गरीब राहिली नाही म्हणणारा नियम दुसऱ्या हाताला. हा हिशेब पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा मी तो पुन्हा तपासला, कारण मला तो खरा वाटेना.

२. उत्पन्न माणसाचं मोजत नाहीत, घराचं मोजतात. आमच्या मागच्या चाळीतल्या एक अक्का मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायच्या. कात्रीने पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, बोटांचा एक वळसा, दोरा. बोलताना हात थांबायचा नाही. मुलगा यंत्रमागावर, त्याची दोन लेकरं, सून गारमेंटमध्ये. त्या मला म्हणाल्या, “बाई, पोराच्या घरात जेवते म्हणून मला नाही म्हणतात. मग काय आता त्याला सोडून राहू का?” मी म्हटलं, “अक्का, तसं कुणी म्हणत नाही.” पण कागद तेच म्हणत होता. मग बहुतेक घरं जे करतात ते त्यांनीही केलं: रेशनकार्ड विभक्त. चूल एक, भाकरी एका तव्यावरची, कार्डं दोन. गरजू घरात हे घडताना बघितल्यापासून मी त्याला लबाडी म्हणत नाही. जी आई मुलाकडे राहते तिचा मान राखायचा, तर औषधाला तिच्या स्वतःच्या हातात चार पैसे असावे लागतात. नियमाला ते कळत नाही. शेवटी त्या घरात वाईट वाटलं ते मुलाला. आईचं नाव आपल्या कार्डावरून काढायच्या अर्जावर सही करताना तो काहीच बोलला नाही.

३. कष्टाची पेन्शन सुद्धा आड येऊ शकते. सोलापुरात विडी कामगार बायकांची संख्या मोठी. कुंभारीला त्यांच्यासाठी उभी राहिलेली गोदूताई परुळेकर वसाहत दहा हजार घरांची आहे; २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. नोंद असलेल्या विडीवाल्या बाईचा फंड कापला जातो आणि दहा वर्षं सेवा भरली की पेन्शन बसते. सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले सत्तर, असं ते सूत्र. पगारच एवढासा, तर पेन्शन काय येणार? सप्टेंबर २०१४ पासून किमान हजार रुपये ठरले म्हणून निदान हजार तरी पडतात. आता हे १२,००० वर्षाचं उत्पन्न झालं. एकवीस हजारांतून वजा केले की उरले नऊ हजार. घरातल्या बाकी सगळ्यांनी मिळून दिवसाला पंचवीस रुपयांपेक्षा जास्त कमवायचं नाही, तरच त्या बाईला श्रावणबाळचा विचार करता येतो. जन्मभर बोटं झिजवून हजार रुपये मिळवणारीला ते हजारच नडावेत, याचा मला मनापासून राग येतो.

४. पासष्टावा वाढदिवस हा एक कडा आहे. मला सर्वांत जास्त हादरवलं ते ह्याने. लाडकी बहीण योजनेची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे, वय २१ ते ६५. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही मागत नाहीत. श्रावणबाळ सुरू होतं ६५ पासून, पण तिथे मर्यादा २१,०००. रक्कम दोन्हीकडे तीच, पंधराशे. मर्यादेत मात्र जवळजवळ बारा पटींचा फरक. म्हणजे ज्या घरात वर्षाला लाखभर येतात तिथल्या चौसष्टीच्या बाईला दरमहा पंधराशे मिळतात आणि सहासष्टीला काहीच नाही. गुडघे दुखायला लागतात, सुपावर बसवत नाही, मोतीबिंदू पिकतो, नेमक्या त्याच वयात. फेब्रुवारी २०२५ मध्ये मंत्री आदिती तटकरे यांनी अपात्र ठरलेल्या पाच लाख बहिणींचे आकडे दिले. त्यात पासष्टीपुढच्या १ लाख १० हजार होत्या आणि आधीच संजय गांधी निराधारचं अनुदान घेणाऱ्या २ लाख ३० हजार. दुसरा आकडा समजू शकतो. एका हाताने दोनदा घेऊ नये, हे कुणालाही पटेल. पहिल्या आकड्यातल्या बायका मात्र श्रीमंत झाल्या नव्हत्या, म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांतल्या किती जणी पुढे श्रावणबाळमध्ये बसल्या, हा प्रश्न मला आजही सोडत नाही. आणि आमच्याकडच्या बायकांच्या आधारकार्डावर जन्मतारीख बघा: अनेकींची १ जानेवारी. कुणीतरी अंदाजाने घातलेली. त्या अंदाजावर पंधराशे रुपये थांबतात.

५. रेष उताराची सुद्धा असू शकते. ब्रिटनमध्ये कमाई वाढली की मदत एकदम तुटत नाही; नोव्हेंबर २०२१ पासून वाढीव कमाईच्या प्रत्येक पौंडामागे मदत ५५ पेन्सने कमी होते. माणसाला पाय टेकायला जागा राहते. हे परदेशी शहाणपण म्हणून सांगत नाही, कारण आपल्याकडेही ते आहे. पीएम किसान आणि नमो शेतकरी मिळून वर्षाला बारा हजार, म्हणजे महिन्याला हजार मिळवणाऱ्या शेतकरी बाईला लाडक्या बहिणीचे पूर्ण पंधराशे देत नाहीत, पण वरचे पाचशे देतात. फरकाची रक्कम द्यायची रीत सरकारला येते. मग फंडाचे हजार घेणाऱ्या विडीवाल्या अक्कांना उरलेले पाचशे का नाहीत? मी तलाठ्यापासून पुढाऱ्यापर्यंत विचारलं. चांगल्या माणसांनी “नियम तसा आहे” असं सांगितलं, आणि त्यांचंही खरंच होतं.

६. पैशांच्या रेषेखेरीज वास्तव्याचीही रेष असते. निराधारला पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा पुरावा लागतो. आमचा जिल्हा कर्नाटकच्या सीमेवरचा. इंडी, आळंद, अफजलपूरकडच्या लेकी अक्कलकोट-सोलापुरात सुना होऊन येतात. लाडकी बहीणमध्ये अशा सुनेला नवऱ्याचा शाळेचा दाखला चालतो. ही सोय ज्याने सुचवली त्याला माझा नमस्कार.

७. केंद्राचा वाटा ऐकला की लोक गप्प होतात. दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांच्या पंधराशेत दिल्लीहून येतात ऐंशी वर्षांखाली दोनशे रुपये, पुढे पाचशे. २००७ मध्ये केंद्राच्या ह्या वृद्ध पेन्शन योजनेला इंदिरा गांधींचं नाव दिलं तेव्हाही दोनशेच होते. बाकीचे राज्य घालतं, आणि ते घालतं म्हणून बरं. मी हे प्रत्येक सभेत सांगते, कारण भांडायचं तर कुणाशी, हे आधी माहीत हवं.

तुमच्याकडे धुणीभांड्याला येणाऱ्या मावशी असतील, शेजारी एखादी अक्का असेल, तर तिच्या आधारकार्डावरचं जन्मसाल आजच बघा. पासष्टी जवळ आली असेल, तर वयाचा पुरावा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, वास्तव्याचा दाखला आणि आधार जोडलेलं बँकखातं एवढं आत्ताच जमवायला घ्या. लाडक्या बहिणीचे पैसे थांबल्यावर धावाधाव करू नका. आणि मतं मागायला जो कुणी दारात येईल, त्याला पंधराशेचे किती करणार हे विचाराल तेव्हा एकवीस हजारांचे किती करणार, हेही विचारा.