सम कुठं आहे ते आधी ऐक

माय, परवा तू भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग ऐकवलंस. पखवाजाची थाप आणि गळा, दोन्ही ग्रिडच्या रेषेवर नेऊन बसवलेस, तरी गाणं मागं ओढल्यासारखं का वाटतंय म्हणून विचारलंस. उशीर तीन तऱ्हेचा असतो: यंत्राचा, हवेचा आणि माणसाचा. कुठला आहे ते कळेपर्यंत माउसला हात लावू नकोस.

यंत्राचा उशीर सोपा. इंटरफेसच्या आउटपुटातली केबल त्याच्याच इनपुटात घाल, क्लिकचा आवाज वाजव आणि तोच परत रेकॉर्ड कर. दुसरा आवाज पहिल्याच्या जितका मागं पडेल तेवढे सॅम्पल रेकॉर्डिंग ऑफसेटमध्ये टाक. ४८,००० च्या रेटला २४० सॅम्पल म्हणजे ५ मिलिसेकंद. बफर बदललास तर पुन्हा मोज.

हवेचा उशीर लोकांना ठाऊकच नसतो. आवाजाला एक मीटर जायला जवळजवळ ३ मिलिसेकंद लागतात. औशाच्या नाथ संस्थानचं चक्रीभजन तू पाहिलंयस. भजनी गोल फिरत गातात. कडेला माइक असेल तर आत्ता एक मीटरवर असलेला गळा थोड्या वेळानं चार मीटरवर जातो, म्हणजे ९ मिलिसेकंदांचा फरक. तो दुरुस्त करायचा नाही. तो काढलास की त्यांचं फिरणंच नाहीसं होतं. जवळचा आणि लांबचा माइक एकमेकांना खात असतील तर लांबचा अख्खा ट्रॅक थोडा आधी आण, एकेक ठोका नव्हे.

खरं काम माणसाच्या उशिराचं. गळ्याच्या बाबतीत माझा पहिला नियम: व्यंजन नव्हे, स्वर तालावर ठेव. ‘स्वामी’ म्हणताना ‘स’चा सीत्कार समेच्या, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या, आधी सुरू होतो आणि ‘आ’ समेवर उघडतो. सॉफ्टवेअर त्या सीत्कारावरच खूण करतं. तू ती खूण रेषेवर नेलीस की ‘आ’ उशिरा येतो आणि गाणारा पेंगल्यासारखा वाटतो. तुझ्या रेकॉर्डिंगात हेच झालंय. स्ट्रेच मार्कर हातानं उचलून ‘आ’वर ठेव.

माळेगावच्या जत्रेत लावणी ऐकली असशील. चांगला ढोलकीवाला नाचणारीच्या पायाला किंचित पुढून बोलावतो. ते पुढं असणं चूक नाही, ती त्याची कमाई आहे. मी एकदा गोंधळाचं संबळ शंभर टक्के क्वांटाइझ केलं, म्हणजे प्रत्येक ठोका ग्रिडवर बसवला. म्हातारा गोंधळी ऐकून म्हणाला, ‘हे मी वाजवलेलं नाही.’ रात्रभर बसून सगळं पूर्ववत केलं. तेव्हापासून फक्त कानाला खटकणारा ठोका सरकवतो, तोही अर्ध्याच अंतरानं, आणि पुन्हा ऐकतो.

ढोलकीला दोन माइक असतील तर दोन्ही ट्रॅक गटात बांधूनच सरकव, नाहीतर एकच ठोका दोनदा पडल्यासारखा पोकळ होईल. धुमाच्या बाजूचा घुमारा कधी ताणू नकोस, त्याला पाणी सुटल्यासारखं होतं. पुढच्या ठोक्याच्या अगदी आधी काप आणि ५ मिलिसेकंदांचा क्रॉसफेड दे. पेटीला ठोकाच नसतो, म्हणून तिथं खुणा शोधत बसू नकोस. भाता बदलताना जो श्वास पडतो, तिथं काप.

भजन विलंबित सुरू होतं आणि शेवटी दुगुनीत चढतं. त्याला एकाच टेम्पोच्या ग्रिडवर बसवणं म्हणजे वारीला बसमध्ये कोंबणं. पखवाजाच्या समा ऐकत बोटानं टॅप करून टेम्पोचा नकाशा बनव. मग रेषा गाण्यामागं येतील. आठ मात्रांचा भजनी ठेका चार-चारच्या बारमध्ये बसतो, पण दादरा आला की बार सहाचा कर. नाहीतर सम भलतीकडंच दिसेल.

आमच्या काळी टेप सेकंदाला १९ सेंटिमीटर पळायची, एक सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ ५३ मिलिसेकंद. ब्लेडनं कापायचो, म्हणून कापायच्या आधी दहादा ऐकायचो. तुझ्याकडं अनडू आहे, तरी मूळ रेकॉर्डिंगची प्रत वेगळ्या ड्राइव्हवर ठेव.

रविवारी लातूरला येतोय. तोवर मंडळाच्या पहिल्या अभंगाचे सगळे मार्कर काढून टाक. स्क्रीन बंद ठेवून आपण दोघं आधी सम मोजू.