लेकराचं रक्त वाढत नसेल तर घरातला शेंदूरही बघा

जंताचं औषध देऊन झालं, लोहाचं टॉनिक देऊन झालं, तरी मूल पांढरंफटक. सारखं पोट धरून बसतं, शौचाला खडा होतो, काल पाठ केलेलं आज आठवत नाही. असं ज्यांच्या घरी चाललंय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझ्या धाकट्या लेकीचं असंच चाललं होतं. दवाखाने बदलले, दृष्ट काढली. शेवटी एका बालरोगतज्ज्ञांनी तिच्या रक्ताची काच पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली बघायला लावली. तांबड्या पेशींत बारीक निळे ठिपके दिसले. त्यांनी औषध लिहायच्या आधी विचारलं, "घरात बॅटरीचं काम चालतं का? जुना रंग खरवडलाय का? पोर दिवसभर काय हाताळते?"

आमच्याकडे मारुतीची पूजा पिढ्यान्‌पिढ्यांची. मामंजी दर शनिवारी ओसरीवर बसून तेलात शेंदूर कालवायचे. पुडी उघडून परातीत ओतली की नारिंगी भुकटी जराशा वाऱ्यानंही उडायची आणि उंबऱ्याच्या भेगांत, गोधडीच्या टाक्यांत जाऊन बसायची. पुसली तरी बोटाला लागायची. लेक आजोबांच्या मांडीला चिकटून, बोटं तोंडात. हनुमान जयंतीआधी मूर्तीवरचं जुनं कवच खरवडलं जायचं आणि त्याचे पोपडे आमच्याच परसात पडायचे.

अस्सल शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. आमच्या पुडीवर तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

लेकीच्या रक्तात दर डेसिलिटरला ३८ मायक्रोग्रॅम शिसं निघालं. ५ किंवा त्याहून जास्त आलं की शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिशाची निर्धोक अशी कुठलीच पातळी माहीत नाही, हेही तीच सांगते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालात रक्तात ५ किंवा त्याहून जास्त शिसं असलेल्या भारतातल्या मुलांचा अंदाज २७ कोटींच्या वर आहे. पोटात गेलेलं शिसं मुलं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतात. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं आणि तिथे ते वर्षानुवर्षं मुरून राहतं. रक्तातला लाल रंग तयार होण्याच्या कामातही ते मोडता घालतं, म्हणून नुसत्या टॉनिकनं रक्त वाढत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे वाढत्या मेंदूचं जे नुकसान होतं ते पुरतं भरून येत नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही.

शिसं बाहेर काढणारं औषध असतं, पण ते साधारण ४५ च्या पुढे देतात. "उगम बंद करा, हाच तुमचा उपाय," असं डॉक्टरांनी सांगितलं. मामंजींना कसं सांगायचं, याची मला धास्ती होती. त्यांनी ऐकून घेतलं, थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "सूनबाई, मारुतीला तेल आणि रुईची माळ पुरते." त्या शनिवारपासून घरात शेंदूर आला नाही.

तुमच्याकडे अशी धूळ असेल तर झाडू मारू नका, ती उडून पुन्हा नाकातोंडात जाते. ओल्या फडक्यानं पुसा. कवच काढायचंच असेल तर ओलं करून, मुलांना लांब ठेवून काढा. पोपडे जाड पिशवीत बांधा. विहिरीत, नदीत, उकिरड्यावर टाकू नका. गुरं असल्या वस्तू चाटतात, आणि शिशानं वासरं आंधळी होऊन, झटके येऊन मरतात. जेवणाआधी मुलांचे हात साबणानं धुवा, त्यांना उपाशी ठेवू नका, कारण रिकाम्या पोटी शिसं जास्त शोषलं जातं. नाचणी, दूध, पालेभाजी, जे परवडेल ते द्या. लोह आणि कॅल्शियम कमी पडलं की शिशाचं फावतं.

घरात शेंदूर नसला म्हणून निर्धास्त राहू नका. घरगुती रंगात शिसं दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंतच असावं, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या भिंतींचे पोपडे संशयानं बघा. सुट्टी, डोळ्यांत भरेल इतकी पिवळी हळद, सुरमा, कथलात शिसं मिसळून केलेली कल्हई, बॅटरीच्या भट्टीवर काम करणाऱ्याचे कपडे, हे सगळं बघा. ते कपडे वेगळे धुवा. पाणी उकळून शिसं जात नाही.

तपासणीचं रक्त शिरेतून घ्यायला सांगा. बोटाला टोचून घेतलं तर कातडीवरची धूळ त्यात मिसळते आणि आकडा खोटा वाढतो. शिसं जास्त निघालं, तर उगम बंद केल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासा; आमच्या लेकीचा आकडा उतरतोय, पण हाडांतलं शिसं हळूहळू रक्तात येत राहतं. एका मुलात निघालं की घरातल्या सगळ्या मुलांचं तपासा. आणि घरात कुणाला दिवस गेले असतील तर तिचंही, कारण आईच्या हाडांत साठलेलं शिसं गरोदरपणात सुटतं आणि वारेतून बाळापर्यंत पोचतं. माझ्या जावेला ही तपासणी कुणी सुचवली नव्हती, आम्ही ती मागून करून घेतली.