उजळ चेहरा, पण कशाने?

मैत्रिणींनो, लग्नसराई जवळ आली की बैठकीत बचतीच्या वहीबरोबर एखादी ट्यूबही फिरते. "आठ दिवसात गोरं करते बघा!" करतेही. कारण त्यात बरेचदा बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल असतं. ही स्टेरॉइडची औषधं. डॉक्टरांनी इसबासारख्या आजारावर मोजक्या दिवसांसाठी द्यायची. महिनोन्‌महिने चेहऱ्याला लावली की कातडी पातळ होते, मुरूम येतात, गालावर लव वाढते. बंद केली की आग होते, म्हणून बाई परत लावते. ट्यूबवर ही नावं असतील तर मुलीच्या हाती देऊ नका. आधीच लावत असाल तर डॉक्टरांना दाखवा. बिननावाच्या डबीत तर पाराही असू शकतो, तो किडनीवर जातो.

जन्माचा रंग बदलत नाही. उन्हाचा काळपटपणा मात्र उतरतो, शेतात तोंडाला रुमाल बांधा. लिंबू गालावर चोळून उन्हात गेलात तर डाग पडतील. ते शेवग्याच्या पाल्याच्या भाजीवर, मटकीच्या उसळीवर पिळा. त्यातलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा मात्र नको, तो लोह अडवतो.

आणि सूनबाई "गोरी दिसायला लागली" असं कौतुक करण्याआधी तिची खालची पापणी ओढून बघा. आत पांढरट दिसलं तर रक्त कमी असेल. आशाताईंना सांगून हिमोग्लोबिन तपासून घ्या. १२ च्या खाली, गरोदर असेल तर ११ च्या खाली आलं, तर नुसत्या भाजीवर भागणार नाही, लोहाच्या गोळ्या लागतील.