अडचण नेमकी कोणती?

कामाच्या ठिकाणी काही बिघडले की आपल्या मनात पहिला प्रश्न कोणता येतो? बहुतेक वेळा "कोणी केले?" हाच. नाव सापडले की मन शांत होते. पण ही शांती खरी आहे का, ते जरा तपासून पाहू या.

हिशोबात तेरीज जुळली नाही, तर फरकाची रक्कम तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकतात. दोन्ही बाजू सारख्या दिसू लागतात, पण चूक होती तिथेच राहते. "त्याच्यामुळे झाले" म्हणून थांबणे हे मनाचे सस्पेन्स खातेच आहे.

टोयोटा कंपनीतील ताइची ओनो यांनी आपल्या पुस्तकात दिलेले उदाहरण पाहा. यंत्र बंद पडले. का? जास्त भार येऊन फ्यूज उडाला. भार का आला? बेअरिंगला पुरेसे वंगण मिळत नव्हते. का? वंगणाचा पंप नीट चालत नव्हता. का? त्याचा दांडा झिजला होता. का? गाळणी नसल्याने धातूचा कीस आत गेला होता. पहिल्या उत्तरावर थांबलो, तर फ्यूज बदलू आणि तो पुन्हा उडेल. पाचव्यापर्यंत गेलो, तर गाळणी बसवू. या पाचही उत्तरांत कोणा कामगाराचे नाव नाही, हे लक्षात घ्या.

म्हणून अडचण मांडतानाच सावध राहावे. "सहकारी निष्काळजी आहे" ही अडचण नव्हे, तो आपला निकाल झाला. त्यापुढे फक्त राग येतो. "या महिन्यात तीन बिले मुदतीनंतर गेली" ही अडचण आहे. तिला "का?" विचारता येते. कदाचित मंजुरीच शेवटच्या दिवशी मिळत असेल. कदाचित कागद आपल्याच टेबलावर थांबत असेल.

याचा अर्थ जबाबदारी कोणाचीच नाही असा नव्हे. गाळणी बसवायला आणि ती वेळोवेळी साफ करायला माणूस लागतोच. नाव ठरवायचे ते काम सोपवण्यासाठी, दोष देण्यासाठी नाही.

या आठवड्याचा अभ्यास : कामातील एक अडचण एका वाक्यात लिहा. नाव नको, विशेषण नको. काय, कुठे, केव्हा, किती एवढेच. मग "का?" विचारत जा आणि प्रत्येक उत्तर प्रत्यक्ष पाहून खात्री करा. प्रश्न पाचच हवेत असे नाही. जे आपल्याला बदलता येईल, त्या कारणापाशी थांबा आणि तिथून कामाला लागा.