नव्या घडणीचा लॅपटॉप : घ्यावा की थांबावे?

बंगळूर शहरातील एस. पी. रोड हा विजेच्या उपकरणांचा व संगणकांचा जुना बाजार होय. अभियांत्रिकी महाविद्यालयांचे वर्ग सुरू होण्याच्या सुमारास देशाच्या नाना भागांतून आलेली मुले व त्यांचे पालक तेथे दुकानोदुकानी हिंडताना दिसतात. बेळगाव, कोल्हापूर, सोलापूरकडची मराठी कुटुंबेही त्यांत असतात. नव्या घडणीचा लॅपटॉप नुकताच बाजारात आलेला असतो. तो आजच घ्यावा की काही महिने थांबावे, हा त्यांच्यापुढील प्रश्न. पैसा बहुधा बचतीतला, क्वचित कर्जाऊ. निवड चुकली तर तेच यंत्र शिक्षण संपेपर्यंत वागवावे लागते. दुकानदार म्हणतो, आजच न्या. घरातील जाणता म्हणतो, पहिली खेप घेऊ नये. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण कारण दोघेही सांगत नाहीत.

ते कारण समजण्यासाठी दोषांचे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. एखाद्या नगातील डाख कच्चा राहिला, एखादा भाग निकृष्ट निघाला, तर तो त्या एका नगाचा दोष. आराखड्यातच उणीव राहिली, तर तो त्या घडणीच्या सर्व नगांचा दोष. यंत्रांच्या बिघाडांचा कालानुसार आलेख काढला असता त्याची आकृती न्हाणीतील टबाच्या छेदासारखी येते : आरंभी उंच, मध्ये सपाट आणि झीज सुरू झाली की पुन्हा चढती. आरंभीची उंची पहिल्या प्रकारच्या दोषांमुळे असते. ह्या दोषांसाठी थांबणे व्यर्थ होय. सहा महिन्यांनी घेतलेला नगही त्या दिवशी कोराच असतो, आणि प्रत्येक नगाला आपले बालपण स्वतःच काढावे लागते. त्यावर उपाय हमीपत्राचा. थांबण्याचा लाभ होतो तो केवळ दुसऱ्या प्रकारात, कारण तेथे इतरांच्या यंत्रांत दिसलेला दोष आपल्याही यंत्राविषयी काही सांगत असतो.

असे दोष कारखान्यातच का पकडले जात नाहीत, हे बंगळुरातच चांगले समजते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ह्या अमेरिकन कंपनीने १९८५ साली येथे केंद्र काढले. तेव्हापासून चिपांचे आराखडे करणे व तपासणे हा ह्या शहराचा एक मोठा व्यवसाय झाला. सर्व्हरसाठी इंटेलने २००८ साली बाजारात आणलेला सहा गाभ्यांचा ‘डनिंग्टन’ प्रोसेसर येथेच आकारास आला. त्यात सुमारे १९० कोटी ट्रान्झिस्टर होते. इतक्या घटकांच्या सर्व अवस्था तपासणे मनुष्यास वा यंत्रास शक्य नाही. निवडक तपासण्यांवरच भिस्त ठेवावी लागते. शिवाय काही दोष काळच उघडे करतो.

ह्याचे बोलके उदाहरण २०११ सालचे. त्या वर्षी जानेवारीच्या आरंभी इंटेलने ‘सँडी ब्रिज’ ही प्रोसेसरांची नवी पिढी बाजारात आणली आणि ३१ जानेवारीस तिच्या जोडीच्या चिपसेटमध्ये दोष असल्याचे स्वतःच जाहीर केले. हार्ड डिस्क जोडण्याच्या सहा मार्गांपैकी चारांच्या मंडलातील एका ट्रान्झिस्टरवर प्रमाणाबाहेर विद्युत्-दाब पडत होता. त्यातून विद्युत् झिरपे आणि तो भाग हळूहळू निकामी होई. तीन वर्षांत ५ ते १५ टक्के यंत्रांना ही बाधा होईल, असा अंदाज होता. दुरुस्ती व बदली यांसाठी ७० कोटी डॉलर खर्च धरण्यात आला. येथे घाई करणारा फसला आणि काही आठवडे थांबलेला वाचला, हे खरे. परंतु पुष्कळशा लॅपटॉपांत उरलेले दोन निर्दोष मार्गच वापरलेले होते. त्यांच्या मालकांना सदोष चिप असूनही काही झळ लागली नाही.

काही आठवड्यांची ही मुदत नियम मानणे मात्र धोक्याचे. ॲपल कंपनीने २०१५ साली आपल्या १२ इंची मॅकबुकमध्ये ‘बटरफ्लाय’ रचनेचा अतिशय पातळ कळफलक बसविला व २०१६ साली तो मॅकबुक प्रोमध्ये आणला. कळ जेमतेम हलत असल्याने धुळीचा बारीक कणही तिला पुरे. अक्षर उमटेनासे होई किंवा दोनदा उमटे. कंपनीने विनामूल्य दुरुस्तीची योजना जाहीर केली ती जून २०१८ मध्ये, आणि २०१९च्या नोव्हेंबरात १६ इंची यंत्रापासून जुन्या ‘कात्री’ रचनेकडे ती परतू लागली. सहा महिने, वर्ष, दोन वर्षे थांबून ज्यांनी खरेदी केली, त्यांच्याही पदरी तोच कळफलक आला. तेव्हा किती थांबावे हे पंचांग पाहून ठरत नाही. काय बदलले आहे यावरून ठरते. कळफलक, बिजागरी, पंख्याची रचना हे झिजणारे व मळणारे भाग नवे असतील तर एक उन्हाळा व एक पावसाळा तरी जाऊ द्यावा. ओळखीच्या सांगाड्यात केवळ प्रोसेसर पुढच्या पिढीचा आला असेल, तर फार खोळंबण्याचे कारण नाही.

अधिक वेगाच्या आशेने थांबणे ही निराळी गोष्ट. ॲरिझोनातील काही खगोलशास्त्रज्ञांनी १९९९ साली थोड्या विनोदानेच असे गणित मांडले की, जे आकडेकाम २६ महिन्यांहून अधिक चालणार असेल ते आज सुरू न करता पुढे नवा संगणक घेऊन करावे. तरीही ते लवकर संपेल. दर अठरा महिन्यांनी गणनशक्ती दुप्पट होते, हे त्यांचे गृहीत. ती गती आता राहिलेली नाही. शिवाय विद्यार्थ्याचे काम नक्षत्रगणितासारखे पुढे ढकलता येत नाही. यंत्रावाचून गेलेले पहिले सत्र परत मिळत नाही. थांबलेल्यास बाजारही दगा देऊ शकतो. ३ ऑगस्ट २०२३ रोजी भारत सरकारने लॅपटॉपांच्या आयातीवर परवान्याचे बंधन तत्काळ घातले आणि दुसऱ्याच दिवशी ते ३१ ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलले.

गरज निकडीची आणि नव्या घडणीविषयी शंका, अशा वेळी मधला मार्ग असतो : गेल्या वर्षीची घडण घेणे. तिचे दोष एव्हाना माहीत झालेले असतात आणि नवी येताच तिची किंमतही बहुधा उतरते. एवढे मात्र पाहावे की, लिथियमची बॅटरी न वापरताही जुनी होते, आणि उष्ण गोदामात अधिक वेगाने होते. खोक्यावर निर्मितीचा महिना व वर्ष छापलेले असते. पैसे मोजण्यापूर्वी ते वाचावे.