बोलकी पाटी आणि अबोल मूल

वाचा आणि भाषा या दोन भिन्न गोष्टी आहेत. मुखाने शब्द उच्चारणे ही वाचा. मनातील आशय दुसऱ्यास कळेल अशा ठरीव खुणांनी प्रकट करणे ही भाषा. पहिलीचा अभाव दिसताच दुसरीही नसेल, असे आपण सहज गृहीत धरतो. स्वमग्न मुलांची या समजुतीने फार हानी केली आहे. शालेय वयास पोहोचल्यावरही अशा मुलांपैकी सुमारे पाव ते एकतृतीयांश मुलांच्या तोंडी जेमतेम काही शब्द असतात, किंवा एकही नसतो. असे मूल वर्गात कडेला बसते, हजेरीपटावर त्याची हजेरी लागते, आणि ते उत्तर देणार नाही हे सर्वांस ठाऊक असल्यामुळे वर्षभरात त्याला कोणी काही विचारीत नाही.

वाचेला पूरक व पर्यायी साधनांचा वापर वाढविण्याचे कर्तव्य दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १७ ने शासनाबरोबरच स्थानिक प्राधिकरणांवरही सोपविले आहे. तेव्हा हा विषय केवळ विशेष शाळांचा आहे, असे मानून आपणांस बाजूला होता येणार नाही.

या साधनांची सुरुवात साध्या चित्रांपासून झाली. अमेरिकेतील डेलावेअर राज्यात अँडी बॉण्डी व लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये चित्रविनिमयाची पद्धती बसविली. तिची पहिली पायरी लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. मुलाच्या आवडीची वस्तू घेऊन एक व्यक्ती समोर बसते. दुसरी व्यक्ती मागे बसून, एक शब्दही न बोलता, मुलाचा हात वस्तूच्या चित्राकडे नेते व ते चित्र समोरच्या व्यक्तीच्या हाती द्यावयास लावते. चित्र हाती पडताच वस्तू मिळते. ‘तुला काय हवे?’ असा प्रश्न मुद्दामच विचारीत नाहीत. विचारले की मूल विचारण्याची वाट पाहू लागते. येथे तर त्याने आपण होऊन माणसाकडे यावे, एवढेच शिकवावयाचे असते.

आता हीच चित्रे टॅब्लेटच्या पडद्यावर आली आहेत, आणि बोटाने दाबताच शब्द ऐकू येतो. चेन्नईत तयार झालेले ‘आवाज’ हे असे एक साधन. आपणांस अधिक जवळचे म्हणजे मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये तयार झालेले ‘जेलो’. ते विनामूल्य असून मराठीतही बोलते. त्याच्या पडद्यावर मध्यभागी खाणे, खेळणे, माणसे, ठिकाणे, मदत अशा विषयांची नऊ चित्रे असतात. कडांना आवड-नावड, होकार-नकार आणि अधिक-कमी या सहा खुणा असतात. आधी चित्र व मग खूण दाबली असता पुरते वाक्य उच्चारले जाते. मुलाच्या घरच्या भाकरीचे, त्याच्या आजीचे, शाळेतील हापश्याचे छायाचित्र अशा साधनात घालता आले, तर परक्या चित्रांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

पालकांची शंका ठरलेली असते: यंत्र बोलू लागले म्हणजे मूल स्वतः बोलण्याचा आळस करील. शंका स्वाभाविक आहे, परंतु अनुभव उलट आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात विविध वाचिक अडचणी असलेल्या २७ व्यक्तींची भरवशाची नोंद तपासली गेली. त्यांपैकी एकाचेही बोलणे घटले नव्हते, आणि बहुतेकांचे काहीसे वाढले होते. कॉनी कसारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये पाच ते आठ वर्षे वयाच्या, अत्यल्प बोलणाऱ्या ६१ स्वमग्न मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेळातून भाषा शिकविण्याची पद्धत सर्वांस सारखीच होती. ज्यांना प्रथमपासून बोलके साधनही दिले, त्यांनी आपण होऊन केलेला संवाद अधिक होता. मात्र साधन एकटे नव्हते, त्याच्या जोडीला शिकविणारे माणूस होते. केवळ टॅब्लेट हाती ठेवला तर मूल त्यावर चित्रफिती पाहील, आणि त्यात त्याचा काय दोष?

म्हणून शिक्षकाने प्रथम स्वतः त्या पाटीवर बोलावे. ‘चला, पाणी पिऊ’ म्हणताना पाण्याच्या चित्रावर बोट ठेवावे. ‘संपले’ म्हणताना ती खूण दाबावी. तान्ह्या मुलाशी आपण वर्षभर बोलतो व मगच त्याच्या पहिल्या शब्दाची अपेक्षा धरतो; या मुलालाही तेवढी मुभा हवी. प्रश्न केल्यावर मनात दहापर्यंत अंक मोजावेत व तोवर गप्प राहावे. शिक्षकाला ही शांतता फार जड जाते, हे मान्य आहे.

आणि ‘नको’ हा शब्द पाटीवर पहिल्या दिवसापासून असावा. पुष्कळ ठिकाणी केवळ मागणे शिकवितात, कारण ते सोयीचे असते. नकार सांगण्याचे साधन नसलेले मूल किंचाळते, चावते, पळून जाते, आणि आपण त्याला हट्टी म्हणतो. त्याने ‘नको’ दाबले व ते मानण्याजोगे असले, तर तत्काळ मानावे. एरव्ही त्या खुणेला अर्थच उरणार नाही. शिक्षा म्हणून पाटी काढून घेणे तर सर्वथा वर्ज्य समजावे. बोलक्या मुलाच्या तोंडात बोळा कोंबण्यासारखेच ते आहे.

एक सावधगिरी आवश्यक आहे. साहाय्यकाने मुलाचा हात धरून अक्षरे टंकित करावयाची, अशी एक पद्धत मध्यंतरी गाजली होती. परीक्षेत मुलाला एक व साहाय्यकाला दुसरे चित्र दाखविले, तेव्हा टंकित झाला तो साहाय्यकाने पाहिलेल्या चित्राचा शब्द. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेने १९९४ मध्ये ती पद्धत अप्रमाण ठरविली. सुरुवातीला हात दाखवून शिकविणे निराळे. तो आधार थोड्याच काळात सुटला पाहिजे.

मुलाची श्रवणपरीक्षा झाली नसेल तर ती आधी करून घ्यावी. पडद्यावरील चित्रांची कागदी प्रत पुठ्ठ्यावर चिकटवून दप्तरात ठेवावी, कारण वीज जाते व टॅब्लेट बंद पडतो. नोंदवहीत शब्दांची संख्या लिहिण्याऐवजी संवाद कोणी सुरू केला, मुलाने की आपण, हे दररोज नोंदवावे. शाळा सुटल्यावर पाटी कपाटात कुलूपबंद न करता मुलाबरोबर घरी द्यावी, आणि उन्हाळ्याच्या सुटीतही ती त्याच्याजवळच राहील अशी तजवीज मुख्याध्यापकांनी करावी.